बिलाचे पैसे लवकर हवेत, पण कसे?

माल गेला, बिल दिले, पैसे मात्र तीन महिन्यांनी! भिवंडीचा यंत्रमागवाला असो की घरात चार शिलाई मशिन टाकून गणवेश शिवणारी भगिनी, रडगाणे एकच. सूत, कापड रोखीने घ्यायचे, कारागिरांची मजुरी दर आठवड्याला द्यायची, आणि आपले पैसे दुसऱ्याच्या वहीत. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात येते, “बिल टाका, लगेच पैसे घ्या.” मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. हे खरे आहे का? आणि हे व्याज तर नाही ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेचे नियम केले. आरएक्सआयएल, इनव्हॉइसमार्ट, एमवनएक्सचेंज ही तिची परवानाधारक ऑनलाइन व्यासपीठे. लहान उत्पादक तेथे आपले बिल टाकतो. माल घेणारी कंपनी ते मान्य करते. मग बँका बोली लावतात आणि साधारण एक-दोन दिवसांत पैसे खात्यावर येतात. मुदत संपली की कंपनी बँकेला पूर्ण रक्कम देते. कंपनीने पैसे बुडवले तरी बँक ते आपल्याकडे मागू शकत नाही. मात्र घेणारा या व्यासपीठावर नोंदलेला हवा. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ही नोंदणी आता सक्तीची आहे. पेठेतल्या व्यापाऱ्याला उधार दिलेल्या मालासाठी हा मार्ग सहसा उपयोगी नाही.

आता दुसरा प्रश्न. एक लाखाचे ९० दिवसांचे बिल वार्षिक ९ टक्क्यांनी दिले, तर सुमारे २,२०० रुपये कापले जातात. म्हणजे येणे असलेली रक्कम तिसऱ्याला कमी पैशात विकली गेली. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ साली हे नाजायज ठरवले. त्याच ठरावात दुसरी बाजूही आहे. आधी तशी अट घातलेली नसेल आणि व्यवहार देणारा व घेणारा या दोघांतच असेल, तर लवकर पैसे मिळावेत म्हणून येणे रकमेत सूट देणे जायज मानले आहे. यावर उलेमांत मतभेद आहेत. म्हणून आपल्या मुफ्तीसाहेबांना केवळ “ट्रेड्स चालेल का?” असे विचारू नये. पैसे कोण देतो, कपात कोण सोसतो, हे कागदावर मांडून विचारावे. काही व्यवहारांत कपातीचा भार घेणारी कंपनी उचलते, तेही सांगावे.

बिल न विकताही हक्काचे पैसे वेळेवर मागता येतात, हे मात्र फार थोड्या घरांना ठाऊक आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकर कायद्यात २०२३ साली भर पडली. ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च हिशेबात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की आपल्या एका पत्राला वजन येते. तरीही पैसे न आल्यास ऑनलाइन तक्रार करता येते. कायद्यात उशिराबद्दल चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. ज्यांना ते नको, त्यांनी मुद्दल तरी सोडू नये.

या सर्वांसाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती आधार क्रमांकावर मोफत होते, एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. माल देण्याआधीच ती करून ठेवावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र ४५ दिवसांचे हे संरक्षण मिळत नाही.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि आपण मात्र “ओळखीचा माणूस आहे” म्हणून तोंडी माल देतो. या महिन्यात घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला बसवा. कोणाकडे किती, कोणत्या तारखेपासून, माल मिळाल्याची सही आहे का, एवढी एक यादी करा. पुढच्या मालाबरोबर मुदतीचा एक कागद जाऊ द्या. मागायला संकोच नको. ती आपल्या घामाची कमाई आहे.