बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला असं नाही



काचीगुडा आणि आसपासचे आपले काही सभासद पहाटे रामनगरच्या मासळी बाजारातून ओम्नीत माल भरून नेतात. गाड्या आता जुन्या झाल्या. इंजिनं तेल खातात, धूर मारतात. इंजिन खोललं की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ओरिजिनल सेट कशाला? दुसऱ्या गाडीचे पिस्टन आहेत ना, बोअर सेम आहे, बसवून टाकू." हे करावं का, असं दोन-तीन जणांनी विचारलं, म्हणून हे लिहितो आहोत.

आमचं मत सरळ आहे. पिस्टन बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. मोजमाप कागदावर आल्याशिवाय दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन कामाच्या गाडीत घालू नये.

आधी जवळचंच उदाहरण घेऊ. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन आणि जुन्या आल्टोचं 796 सीसीचं इंजिन, दोन्हींचा बोअर 68.5 मिमी, स्ट्रोक 72 मिमी. कागदावर जुळी भावंडं. पण ओम्नीच्या हेडमध्ये सहा व्हॉल्व्ह आणि आल्टोच्या हेडमध्ये बारा. म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर जे उतरतं तेच वेगळं. एकाच कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या इंजिनांची ही गोष्ट, तर दुसऱ्या घराण्याचा पिस्टन नुसता बोअर बघून कसा घ्यायचा?

मग कोणी म्हणेल, लोक तर करतात! करतात, खरं आहे. परदेशात सुझुकी विटाराच्या 1.6 लिटर इंजिनाचे पिस्टन होंडा सिव्हिकच्या 1.6 इंजिनात घालणं चांगलंच गाजलेलं आहे. दोन्हींचा बोअर 75 मिमी, स्ट्रोक 90 मिमी, आणि पिनही जुळते. पण ते स्वस्तात दुरुस्ती म्हणून करत नाहीत. त्यांना टर्बो बसवायचा असतो. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्यामुळे आधीचं कॉम्प्रेशन कमी करावं लागतं. सुझुकीच्या पिस्टनचं डोकं खोलगट, त्यानं नऊच्या वरचं कॉम्प्रेशन नऊच्या खाली येतं. म्हणजे त्यांना जे हवं होतं तेच तो पिस्टन देत होता. आपल्याकडच्या पहिल्या होंडा सिटीच्या 1493 सीसी इंजिनाचा बोअरही 75 मिमीच आहे, पण स्ट्रोक 84.5 मिमी. तिथे तोच पिस्टन घातला तर सगळा हिशोब बदलतो. आणि टर्बो नसलेल्या गाडीत कॉम्प्रेशन पाडलं तर ओढ कमी आणि पेट्रोल जास्त, एवढंच पदरात पडणार.

काचीगुड्यातल्या जुन्या माणसांना हे लगेच कळेल. इथून मनमाडला जाणारी गाडी वर्षानुवर्षं मीटर गेजवर धावली. रूळ लोखंडाचे, चाकं लोखंडाची, पण 1000 मिमीच्या रुळांवरचा डबा 1676 मिमीच्या रुळांवर चालत नव्हता. मनमाडला माल उतरवूनच दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. तिथे निदान फरक डोळ्यांना दिसायचा. पिस्टनमधला फरक एका मिलिमीटरचा असतो, आणि तो आत झाकलेला असतो.

एका मिलिमीटरनं काय होतं ते बघा. ओम्नीच्या एका सिलिंडरची जागा साधारण 265 सीसी. समजा कॉम्प्रेशन 9 आहे. म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर वरती सुमारे 33 सीसी जागा उरते. नवा पिस्टन पिनपासून डोक्यापर्यंत फक्त 1 मिमी उंच निघाला, तर त्यातली पावणेचार सीसीच्या आसपास जागा गेली. कॉम्प्रेशन थेट 10 वर. गाडी रिकामी असताना कदाचित कळणार नाही. बर्फ आणि मासळी भरून पुलाच्या चढावर गेलात की इंजिन टकटक करायला लागेल. तशीच दामटली तर हेड गॅस्केट किंवा पिस्टनच जाऊ शकतो.

म्हणून मेकॅनिककडून चार गोष्टी मोजून घ्या :

1. गजन पिनची जाडी आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ती कशी बसते.
2. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची.
3. डोक्याचा आकार : खोलगट, सपाट की फुगीर, आणि व्हॉल्व्हसाठी खाचा कुठे आहेत.
4. वजन आणि रिंगची मापं. तिन्ही पिस्टन एकाच वजनाचे हवेत, नाहीतर गाडी थरथरणार.

आणखी एक. पिस्टन हातात आल्याशिवाय लेथवाल्याला बोअरिंग करू देऊ नका. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, आणि ती त्या पिस्टनच्या धातूवर आणि बनावटीवर ठरते. अंदाजानं बोअर मोठा केला की पिस्टन वाजतो, लहान राहिला की गरम होऊन जाम होतो.

किनाऱ्यावरचे आपले बांधवही हे पान वाचतात. त्यांच्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. बोटीत ट्रकचं डिझेल इंजिन असलं तरी ट्रकला उतारावर विसावा मिळतो, पंख्याला पाण्यात तो नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत जळणाची जागा पिस्टनच्या डोक्यातच कोरलेली असते. पिस्टन बदलला म्हणजे चूलच बदलली. आणि रस्त्यावर गाडी ढकलायला चार माणसं मिळतात, दर्यात कोण मिळणार?

ओरिजिनल सेट महाग पडतो, हे आम्हाला माहीत आहे. काही जुन्या गाड्यांचे भाग मिळतच नाहीत. अशा वेळी दुसरा पिस्टन घालणं चूक नाही. मोजून घालावा, इतकंच म्हणणं आहे. जाणकार मिस्त्री असं जुळवून देतो, आणि त्याच्या कामाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण "बसतो की" एवढ्यावर काम उरकणाऱ्याला आपण आपली रोजीरोटी सोपवतो आहोत, हे विसरू नका. इंजिन दुसऱ्यांदा खोलायची मजुरी, नवं गॅस्केट आणि बुडालेले दिवस धरले तर ओरिजिनल सेटच स्वस्त पडतो.

आमची सूचना अशी : इंजिन दुरुस्तीसाठी उचल मागताना, दुसऱ्या इंजिनाचे पिस्टन घालणार असाल तर वरची चार मापं मेकॅनिकनं बिलावर लिहून सही करावी. हा विषय पुढच्या बैठकीत ठेवू. कोणाला हे जाचक वाटत असेल तर खाली मोकळेपणानं लिहा. ज्यांनी असे पिस्टन घातले आणि गाडी नीट चालली, त्यांनीही मापांसकट लिहा. त्याचा सगळ्यांनाच उपयोग होईल.

आपला,
सचिव