इशारा हा उपकार नव्हे!

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे अर्धवट बांधलेले धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याच्या जुन्या धरणालाही खिंडार पाडले आणि मुठेचे पाणी नारायण व शनिवार पेठांत आणि डेक्कन जिमखान्यावर शिरले. त्या दिवसाला साठांहून अधिक वर्षे लोटली. पुण्यात त्याच्या आठवणी अजून घरोघर निघतात. परंतु आठवण जपणे निराळे आणि तीपासून बोध घेणे निराळे.

काम अपुरे असताना त्या धरणात पाणी का साठू दिले, याचा काथ्याकूट पुष्कळ झाला. आम्हांस आज दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे. ११ जुलैच्या रात्री सैन्याचे जवान वाळूची पोती रचून तो बांध सावरण्यासाठी झटत होते. याचा अर्थ, संकट दाराशी आले आहे हे सरकारला ठाऊक होते. ज्या शहरावर ते कोसळणार होते, त्या शहराला मात्र ते वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगितले गेले नाही. जवानांनी जिवाचे रान करून पुण्याला काही तास मिळवून दिले; त्या तासांचे चीज करणे ज्यांच्या हाती होते, त्यांनी ते केले नाही.

असे का घडते? ‘लोकांत घबराट पसरेल’ हे उत्तर राज्यकर्त्यांच्या ओठांवर सदैव तयार असते. हे उत्तर जितके जुने तितकेच खोटे आहे. खरी बातमी मिळालेला माणूस मुलाबाळांना घेऊन उंचावर जातो; अफवा ऐकलेला माणूस रस्त्यावर सैरावैरा धावतो. घबराट सत्याने माजत नाही, सत्य दडविल्याने माजते. जनतेला अजाण बालक समजण्याची ही वृत्ती लोकशाहीला शोभत नाही.

हा केवळ गतकाळाचा दोष असता, तर आम्ही लेखणी उचललीच नसती. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील रहिवासी जागे झाले ते घरात शिरलेल्या पाण्याने! आपणांस वेळेवर कोणी सांगितलेच नाही, ही त्यांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कन जिमखान्याजवळ हातगाडी हलविताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने दगावले.

येथे धरणसाखळीची घडण ध्यानी घेतली पाहिजे. पानशेत, वरसगाव व टेमघर यांचे पाणी खडकवासल्यात उतरते; आणि या चारांत साठवण सर्वांत कमी खडकवासल्याचीच, जेमतेम दोन अब्ज घनफूट. वर धो-धो पाऊस झाला की ते पाणी फार वेळ अडवून धरणे अशक्य असते. विसर्ग वाढणार हे म्हणूनच आधी कळू शकते. पण पाणी शहरात पोहोचावयास अवधी थोडाच असतो. तो अवधी कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात खर्ची पडता कामा नये. आणि ‘इतके हजार क्युसेक’ एवढे सांगून कर्तव्य संपते काय? गृहिणीला क्युसेकशी काय करावयाचे आहे? कोणत्या गल्लीत, किती वाजता, कितव्या पायरीपर्यंत पाणी येईल, वीज केव्हा तोडली जाईल आणि निवाऱ्याची शाळा कोणती, हे तिला सांगा!

नदीपात्राची कथाही अशीच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा नकाशावर आखलेली असते. सदनिका घेणाऱ्याला ती दाखवितो कोण? आणि संकट केवळ धरणातूनच येते असेही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने शहराच्या दक्षिण भागात हाहाकार माजविला आणि वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. ओढा आकसून त्याच्या काठाशी घरे वसविली, तरी पाणी आपली वाट विसरत नाही.

नागरिकांनाही आम्ही निर्दोष मानीत नाही. भिडे पूल पाण्याखाली गेला की पूर पाहावयास गर्दी करणारे आपणच, आणि स्वस्त पडते म्हणून पात्रालगत घर घेताना डोळे मिटणारेही आपणच. परंतु ज्याच्या हाती धरणाचे दार आहे, त्याची जबाबदारी यामुळे उणी होत नाही.

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, २०२१ साली धरण सुरक्षेचा झाला. आता गावातील प्रत्येक खिशात भ्रमणध्वनी आहे. म्हणजे अधिकार आहे, साधन आहे. उणीव आहे ती इच्छेची. पाटबंधारे खाते, महापालिका आणि जिल्हाधिकारी यांपैकी इशारा देण्यास कोण उत्तरदायी, हे पावसाळ्यापूर्वी नावानिशी जाहीर झाले पाहिजे. पूरवस्त्यांत दरवर्षी तालीम झाली पाहिजे. आणि चूक घडल्यास त्या नावाला जाब विचारला गेला पाहिजे. संकटाची आगाऊ वार्ता देणे हा सरकारचा उपकार नव्हे. ती नागरिकाची हक्काची ठेव आहे आणि ती त्याला वेळेवर मिळालीच पाहिजे!