बोटुकलीची जात कोण सांगणार?



कापसाच्या बियाण्याची पिशवी फोडण्याआधी आपण लेबल वाचतो. वाण कोणता, लॉट कोणता, उगवण किती. (तरी फसगत होते, ती गोष्ट वेगळी.) शेततळ्यात सोडायला बोटुकली आणतो तेव्हा मात्र प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, प्राणवायू आणि बोटभर मासे, एवढेच हाती येते. विकणारा म्हणतो कटला, आपणही म्हणतो कटला. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर हा सवाल कोरडवाहूच्या बांधावरही आला आहे.

मोठा कटला कुणीही ओळखेल. डोके थोराड, तोंड वर वळलेले, मिशा नाहीत. रोहूचे ओठ झालरीसारखे. पण बोटभर पिलात हे फरक पुसट असतात. त्यात बीज केंद्रावर एकाच हौदात दोन्ही जाती सोडल्या की संकर होतो, आणि हा संकर वांझ नसतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, म्हणून तर आपण दोन्ही सोडतो. पिलेच सरमिसळ असली की तो हिशेब कोलमडतो. तळे फुटून मासे ओढ्याला लागले तर सरमिसळ नदीत जाते.

नदीत काय होते ते कावेरीने दाखवले आहे. तिथला कुबडवाला महसीर म्हणजे राक्षसी मासा. १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा गळाला लागला होता. एवढा नावाजलेला, पण शास्त्राच्या दप्तरात त्याची नीट नोंद नव्हती. १९७० च्या दशकापासून आपल्या लोणावळ्याच्या केंद्रात खडशी महसिराचे बीज तयार होऊ लागले. ही दख्खनची जात, सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली मुळा-मुठेतल्या माशावरून तिचे वर्णन केले. हेतू चांगलाच होता, मासा वाचवायचा. ते बीज ठिकठिकाणच्या नद्यांत गेले, कावेरीतही गेले. खडशी वाढली, कुबडवाला घटत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हेही त्याच्या मुळावर आले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी अंगलक्षणे आणि जनुके दोन्ही ताडून पाहिली, तेव्हा कळले की केरळातल्या पांबर नदीतल्या लहान माशांवरून आधीच नाव दिलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच. नाव पटले त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. ओळख पटेपर्यंत नदी रिकामी होत आली होती.

नुसते डोळे पुरत नाहीत, कारण महसिराचे ओठ आणि रंग पाणी व खाद्याप्रमाणे बदलतात. पण नुसती जनुकचाचणीही पुरत नाही, आणि हे ज्वारीवाल्यांना चटकन समजेल. आपली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१, १९६४ ची. तिच्या मादी वाणाचे नरवंध्यत्व पेशीद्रवातून, म्हणजे फक्त आईकडून उतरते. माशाची जात ओळखण्याची जी नेहमीची चाचणी आहे, ती पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचते. तोही आईकडूनच येतो. कटला मादी आणि रोहू नर यांचे पिलू या चाचणीत शुद्ध कटला म्हणून पास होईल! बाप शोधायचा तर केंद्रकातली जनुके वाचावी लागतात, आणि खवले, मिशा, ओठ हेही मोजावे लागतात.

ही चाचणी शेतकऱ्याने करायची नाही, बीज विकणाऱ्याने करायची. त्याच्या जननमाशांची तपासणी एकदा झाली तरी हजारो पिशव्यांचा प्रश्न सुटतो. बोटुकली सरकारी केंद्राची असो वा खाजगी, पावतीवर जात, केंद्राचे नाव आणि तारीख लिहून मागा. पिशवीतली दहा-वीस पिले दुकानदारासमोर पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ज्यांनी गेल्या पावसाळ्यात बीज सोडले त्यांनी पावत्या जिल्हा बैठकीला आणाव्यात. पावतीच मिळाली नसेल तर तेही तिथे उभे राहून सांगावे, नोंद घेतली जाईल.