‘मांजराला मासे आवडतात’ : निबंधातलं एक वाक्य आणि माझं लाल पेन



आज तयार निबंध देत नाही. निबंधातल्या एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय दिला की निम्मा वर्ग मांजरावर लिहितो, आणि मांजरावर लिहिणाऱ्या प्रत्येक वहीत हे वाक्य असतंच : ‘मांजराला दूध आणि मासे खूप आवडतात.’ तुम्हीही शाळेत असताना लिहिलं असेल. मी लिहिलंय. मुलांना नमुना म्हणून मी जे निबंध लिहून दिले, त्यांतही घातलंय. कधी तपासून पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. वर्गात बसलं तरी वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. चौथीच्या चाचणीत हाच निबंध होता. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आमची मनी मासे खात नाही. नुसता वास घेते आणि निघून जाते. तिला कोंबडीचं काळीज आवडतं.’

मी ‘मासे खात नाही’ला लाल पेनाने गोल केला, बाजूला ‘मांजराला मासे आवडतात’ असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. पोरीने वही घेतली, पाहिली, दप्तरात टाकली. काही बोलली नाही.

एप्रिलच्या परीक्षेत पुन्हा तोच विषय आला. तिने लिहिलं, ‘आमच्या मनीला मासे खूप आवडतात.’ मी पूर्ण गुण दिले. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही, हे आता सांगताना लाज वाटते.

लक्षात आलं ते जूनमध्ये, पटनोंदणीसाठी घरोघर फिरताना. तिची आई परसदारी विळीवर बांगडे साफ करत बसली होती. तीन मांजरं तिच्याभोवती घुटमळत होती, एक तर पदराला नखं लावत होती. चौथी मात्र पायरीवर पाठ करून बसलेली. मी सहज विचारलं, “ही का गं लांब?” ती म्हणाली, “ती नाय खायची, बाई. लहानपणापासून तशीच आहे. मासळी दिसली की उठून जाते.” मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

म्हणजे तिने जे डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं ते मी चूक ठरवलं, आणि खोटं लिहिल्यावर पूर्ण गुण दिले. मित्रांनो, हा अर्ध्या गुणाचा हिशोब नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी असं शिकवलं की घरात दिसतं ते वेगळं आणि वहीत लिहायचं ते वेगळं.

त्यानंतर मी या वाक्याच्या मागे लागले. काय सापडलं ते सांगते.

आपलं पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजराच्या कुळातलं. हे रानमांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखात राहतं. तिथे साधारण १० हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. या सगळ्यात मासा कुठे आहे? कोरडवाहू भागातला हा प्राणी, पाण्यात उतरायला मुळात नाखूश. खरोखर मासे धरून खाणारं रानमांजर वेगळं आहे, पश्चिम बंगालचा राज्यप्राणी असलेलं. बंगालीत त्याला बाघरोल म्हणतात. ते पाणथळ जागी राहतं आणि पोहून शिकार करतं. आपली मनी त्यातली नव्हे.

पण म्हणून ‘मांजराला मासे आवडतच नाहीत’ असं म्हणाल तर तेही खोटं. इजिप्तमध्ये नख्त नावाच्या माणसाची कबर आहे, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर खुर्चीखाली बसून मासा खाणारं मांजर रंगवलेलं आहे. म्हणजे माणसाच्या घरात मांजराला मासा मिळतोय ही गोष्ट फार जुनी. शिवाय २०२३ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. मांसाला जी विशिष्ट रुचकर चव असते, ती ओळखणारी यंत्रणा मांजराच्या जिभेवर असते आणि ट्यूना माशात ज्या घटकांचा मेळ असतो तो या यंत्रणेला चांगलाच भावतो, असं त्यात दिसलं. ट्यूना म्हणजे आपल्याकडच्या कुपा-गेदरचं कुळ. बाजारातल्या मांजरांच्या खाण्याच्या डब्यांवर माशाचं चित्र असतं ते उगाच नाही.

तर पुष्कळ मांजरांना मासे आवडतात, हे खरं. ‘मांजराला मासे आवडतात’ हे मात्र त्या मुलीच्या मनीपुरतं खोटं. मनीसारख्या कितीतरी असतात.

माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात होती. दुष्काळी भाग. तिथे शाळेच्या खिचडीच्या खोलीपाशी एक मांजरी राहायची. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, उरलेली खिचडी आणि स्वतः धरलेले उंदीर-सरडे यांवर तिचं चालायचं. एकदा आमच्या एका सहकाऱ्यांनी कोकणातून सुकट आणली होती. मुलांनी हौसेने मूठभर तिच्यापुढे टाकली. तिने वास घेतला आणि पुढच्या पायाने आजूबाजूची माती उकरून त्यावर ओढू लागली. मांजर घाण झाकतं ना, अगदी तसं. मुलं हसून लोळली. आम्हाला तेव्हा ती एक गंमत वाटली, एवढंच.

आता कळतं की ती गंमत नव्हती. मांजराची आवड मोठ्या प्रमाणात आईकडून येते. पिल्लं आईच्या पोटात असताना आणि दूध पिताना आईच्या खाण्याचा वास-चव ओळखीची होते आणि पुढे ते खाणं त्यांना जवळचं वाटतं, असं २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसलंय. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, वँडा विर्विका या संशोधिकेने एक अजब प्रयोग केला होता. काही मांजरींना केळं खायला शिकवलं. त्यांच्या पिल्लांनी आईचं बघून केळं खायला सुरुवात केली. बाजूला मांस ठेवलेलं असतानाही! ज्या मांजरीच्या आईने, आजीने कधी मासा पाहिला नाही, तिला सुकट म्हणजे खाणं आहे हेच कसं कळणार? आपल्या घरातही हेच असतं की. ज्या घरात कारलं कधी शिजलं नाही त्या घरचं पोर डब्यातलं कारलं बघून नाक मुरडतं.

आणि नाक हा इथे मोठा भाग आहे. मांजराच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम काही शे, माणसाच्या हजारो. त्यामुळे मांजर आधी नाकाने जेवतं. खाणं कोमट असलं की वास सुटतो. फ्रीजमधून काढलेला थंड तुकडा न खाणारं मांजर तोच तुकडा जरा कोमट केल्यावर खातं. ‘आमची मांजर मासे खात नाही’ असं म्हणण्याआधी एवढं करून पाहायला हरकत नाही.

गोड तर तिला कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या एका जनुकात बिघाड असल्याने मांजरांना ती चव लागत नाही, हे २००५ साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या संशोधकांनी दाखवलं. वाघ-चित्त्यांचंही तेच. म्हणजे श्रीखंडाच्या वाटीत तोंड घालणारा बोका साखरेसाठी नाही, मलईदार स्निग्धपणासाठी येतो. ‘मांजराला गोड दूध आवडते’ या निबंधातल्या वाक्याचाही निकाल लागला!

दुधाबद्दलही बोलायला हवं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं ही आपली म्हण, त्यामुळे मांजर म्हटलं की दूध हे डोक्यात पक्कं. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. ते आवडीने पितात, नंतर त्रास होतो. आवडणं आणि मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे लांबण लावण्याचं कारण असं, की वहीतलं वाक्य वहीतच राहत नाही. मूल ते खरं मानतं आणि घरी जाऊन मांजरावर वापरतं. मासे आवडतात म्हणून रोज कच्ची मासळीच घातली तर काही कच्च्या माशांतला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो आणि मांजर लडखडायला लागतं. ताटातलं उरलेलं कालवण घातलं तर त्यात कांदा-लसूण असतो. ते मांजराच्या रक्ताला विषासारखं. काटा घशात अडकतो तो वेगळाच. सगळ्यात वाईट म्हणजे ‘उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारून खाईल’ हा घरगुती सल्ला. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीवावर बेततं. हट्टी मूल आणि मांजर यांत हा फरक आहे.

दुसऱ्या टोकाला शहरातली शाकाहारी घरं आहेत. तिथलं मांजर चौथ्या मजल्यावर दूध-पोळीवर वाढतं. गावचं मांजर बाहेर जाऊन आपली सोय करून येतं, फ्लॅटमधलं कुठे जाणार? टॉरीन नावाचा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ साली आणि हृदय कमकुवत होतं हे १९८७ साली सिद्ध झालंय. तुमच्या घरात मांसाहार चालत नसेल तर टॉरीन घातलेलं मांजरांचं तयार खाणं मिळतं, ते आणा. तुमचा आचार तुमच्या ताटापुरता ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

आता वर्गात काय करते ते सांगते. निबंधाआधी तीन दिवस निरीक्षण. घरचं नाहीतर शेजारचं मांजर काय खातं, काय हुंगून सोडतं, ते रोज दोन ओळींत लिहायचं. मांजरापुढे मुद्दाम काही टाकायचं नाही, जे घडतं ते बघायचं. पहिल्याच वर्षी काय काय आलं! एक बोका ओले बोंबील खातो, सुके नाही. एक मांजरी माशाचं डोकं खाऊन बाकीचा मासा सोडते. एकाच आईची दोन पिल्लं, एक मांदेलीवर तुटून पडतं, दुसरं फक्त उकडलेलं अंडं खातं. एकाने लिहिलं, ‘आमचं मांजर आजोबांच्या हातचंच खातं, माझ्या हातचं नाही.’ त्या मुलाच्या निबंधात मी आजवर एकही तयार वाक्य पाहिलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी नव्हतं.

एका सहकारी बाईंनी विचारलं, “अगं, पण परीक्षेत जोड्या लावा आल्या, मांजर आणि मासे, तर पोरं काय करणार?” प्रश्न बरोबर आहे. जोडी लावू दे की. तिथे चार पर्यायांत तोच जुळतो, हे मुलांना समजतं. पण ‘माझी मांजर’ म्हणून निबंध लिहायला सांगतो तेव्हा ‘माझी’ हा शब्द आपणच दिलेला असतो ना?

त्या मुलीची जुनी वही मी परत मागवली. ती तेव्हा पाचवीत गेली होती. सगळ्यांसमोर लाल गोलावर काट मारली, खाली ‘बाईंची चूक’ लिहून सही केली आणि अर्धा गुण वाढवून दिला. वही हातात घेऊन ती जराशी घुटमळली.

“काय गं?”

“बाई, पण आता ती कधी कधी जवळा खाते.”