एकगठ्ठा नव्हे, एकेक नाव

निवडणुका आल्या की आपल्याकडे भाषाच बदलते. एरवी नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, गॅस संपला असं साधं बोलणारी माणसं एकदम गड आणि बालेकिल्ल्यांच्या गोष्टी करू लागतात. अमक्याने गड राखला, तमक्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग लागला, कुणी कुणाला धूळ चारली! बातम्या ऐकताना वाटावं, पानिपत पुन्हा सुरू झालं की काय. आम्ही कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो. तिथे निवडणूक म्हणजे आपले प्रतिनिधी निवडणं असं शिकवतात. टीव्हीवर मात्र ती कुस्ती असते आणि आपण सगळे फडाभोवतीचे बघे.

या लढाईत आमच्या वस्तीचा उल्लेख एकदाच येतो, तोही 'एकगठ्ठा मतं' म्हणून. हा शब्द आम्हाला फार खटकतो. गठ्ठा कपड्यांचा असतो, रद्दीचा असतो. गठ्ठ्याला डोकं नसतं. उचलणारा नेईल तिकडे तो जातो. आता आमच्याच घरातलं पाहा. वडील एका पक्षाचे, काका दुसऱ्याचे. आई दोघांचंही ऐकून घेते, मान डोलावते आणि आत जाऊन कोणतं बटण दाबते ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. एका घराची मोळी बांधता येत नाही, तिथे अख्ख्या वस्तीचा गठ्ठा बांधायला या मंडळींना दोरी मिळते तरी कुठून?

बरं, यांचे अंदाज तरी खरे ठरावेत! १ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेचं शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि एक्झिट पोलचा पाऊस पडला. बहुतेक वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देऊन टाकल्या, काही तर चारशेपर्यंत गेल्या. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा आघाडीला मिळाल्या २९३ आणि त्यात भाजपच्या २४०. बहुमताला लागतात २७२. कोण जिंकलं, कोण हरलं हा आजचा विषय नाही. पण मधले तीन दिवस नाक्यावर, कारखान्याच्या गेटवर, आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये लोक त्याच आकड्यांवरून हातघाईवर आले होते. आम्हाला वाटलं, इतके आकडे दाखवले, त्यात आणखी एक आकडा दाखवायला हवा होता. ज्यांना मत द्यायचं होतं, पण देता आलं नाही, त्यांचा.

आमची आजी त्यांतली एक. मुंबईत मतदान होतं २० मे २०२४ ला. आमची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. नावं मात्र जुन्याच पत्त्यावर. आजी सकाळीच पांढरं लुगडं नेसून, ओळखपत्र रुमालात गुंडाळून तयार. उन्हात दोन तास रांगेत उभी राहिली. आत गेल्यावर कळलं, वडिलांचं नाव आहे, आईचं आहे, आमचं आहे, आजीचं नाही. आजीने कार्ड पुढे केलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "आजी, नुसतं कार्ड असून चालत नाही, यादीत नाव लागतं." त्या नियमाने बोलल्या. आजी काही न बोलता बाहेर आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी जित्ती हाय, पर कागदावर न्हाय."

संध्याकाळच्या बातम्यांत नटनट्यांची शाई लावलेली बोटं दिसत होती. आजीचं बोट कोरंच होतं. त्याची बातमी होत नाही.

यादीतून नाव जाणं ही गोष्ट जुनी आहे. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा नावं लिहिणाऱ्यांपुढे अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. नियम कडक होता, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. बाईला नाव आहे, ते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाची शेपटी नव्हे, हे या देशाच्या सरकारी कागदाने मान्य केलं होतं.

आणि हा कागद आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. इंग्रजांच्या काळात मत कुणाला, तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे, जो कर भरतो, जो शिकलेला आहे त्याला. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पुढे घटनेच्या ३२६ व्या कलमाने २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं. १९८९ साली ती अट १८ वर आली. म्हणून तर आमच्यासारख्या कॉलेजातल्या पोरांना मत आहे. बातमीत आपण गठ्ठा असू, पण मतदार यादीत प्रत्येकाचा क्रमांक वेगळा आहे. गिरणीमालकाच्या नावापुढे एक क्रमांक, झाडूवाल्या मावशीच्या नावापुढेही एकच.

हल्ली आईच्या आणि शेजारच्या मावशींच्या बोलण्यात दीड हजारांचा विषय असतो. २०२४ च्या रक्षाबंधनाच्या सुमाराला लाडक्या बहिणींच्या खात्यात पहिले हप्ते आले आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. मावशी म्हणतात, "ज्याचं खाल्लं त्याला जागावं." आई म्हणते, "अगं, साबण घेतला तरी आपण कर भरतो. ते आपलेच पैसे फिरून आले." आम्हाला आईचं पटतं. पैसे जरूर घ्यावेत, मुलांच्या फीला, औषधाला उपयोगी पडतात. पण ती ओवाळणी नव्हे, आणि मत ही तिची परतफेड नव्हे.

तेव्हा वाचकहो, टीव्हीवरच्या लढाया पाहा, पण घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का तेही पाहा. नाव नसेल तर फॉर्म ६ भरावा. पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर फॉर्म ८. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आता वर्षभर थांबावं लागत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांच्या १ तारखा धरल्या जातात. आपल्या भागाचा बीएलओ कोण, हे विचारून ठेवावं. आजीचाही फॉर्म आम्ही भरला आणि २० नोव्हेंबर २०२४ ला तिने विधानसभेला मत दिलं. कुणाला दिलं, ते तिने सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलंही नाही.

वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना एक सुचवावंसं वाटतं. प्रारूप यादी लागली की एखाद्या रविवारी विहारात सगळ्यांना बोलवा आणि ती मोठ्याने वाचा. मोबाईलवर नाव शोधणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. आपलं नाव ऐकू आलं नाही, हे मात्र त्यांना लगेच कळतं. आणि हे निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही. तेव्हा सगळे गड-किल्ल्यांच्या गडबडीत असतात.