आम्हाला फक्त नाचायला बोलावलंत

माननीय व्यवस्थापक,


आपल्या मत्स्यालयाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणात ‘स्थानिक मच्छीमार समाजाचा सहभाग’ असं ठळक छापलं होतं. त्या चार शब्दांवर विसंबून आमच्या कोळीवाड्यातल्या बायका कार्यक्रमाच्या दिवशी आपल्याकडे आल्या. त्यांच्याशी जे वागणं झालं त्याबद्दल मी आधी खासगी पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

बायकांना वाटलं होतं, कुणीतरी माशांबद्दल विचारील. माझ्या मावशीची सारी हयात मासळीच्या टोपलीपाशी गेली आहे. मुलांना दाखवायला तिने पिशवीतून डोल जाळ्याचा एक तुकडा आणला होता. भरती-ओहोटीच्या ओढीवर हे जाळं कसं उघडं राहतं आणि बोंबील त्यात कसा येतो, हे तिला सांगायचं होतं. ती पिशवी उघडलीच गेली नाही. लुगडं, दागिने, डोक्यावर रिकामी टोपली आणि दारात नाच, एवढाच आपल्याला हवा असलेला सहभाग होता. आम्ही नाचणारी माणसं आहोत, त्याची आम्हाला लाज नाही. नारळी पौर्णिमेला आम्ही मनापासून नाचतो. पण माशांच्या घरात कोळणीला आपल्याकडून माशांबद्दल एकही प्रश्न विचारला जाऊ नये, हे मला सहन होत नाही.

दोन नाचांच्या मधल्या वेळात मावशी आत गेली. मिशीवाल्या माशांच्या टाकीपाशी एका मुलाने मासे अंडी कुठे घालतात असं विचारलं, आणि मावशी त्याला आपल्या समुद्रातल्या शिंगाळा या मिशीवाल्याच माशाची गोष्ट सांगू लागली. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं सुटी होईपर्यंत तो काही खात नाही. अंडी-पिल्लं तोंडात असलेल्या नरांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यांत सापडले, तेव्हा पुढची पिढीच गेली आणि पश्चिम किनाऱ्यावर हा मासा झपाट्याने घटला. शास्त्रज्ञांनी हे नोंदवून ठेवलं आहे. मावशीने ते मासळी साफ करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. तेवढ्यात आपला कर्मचारी आला. माहिती द्यायला आमची माणसं आहेत, तुम्ही दारापाशी चला, असं म्हणाला. मावशी काही न बोलता गेली. मी शिक्षिका आहे. मूल असं ऐकत असताना सांगणाऱ्याला मधेच उठवणं म्हणजे काय, हे मला कळतं.

मत्स्यालयाकडून आम्ही अवाजवी मागतो आहोत का? याच मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. ते राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचं, म्हणजे मासेमारांशी रोजचा संबंध असलेल्या खात्याचं. शाळेच्या सहलीतून तिथे गेलेल्या पिढ्या या शहरात आहेत. 2020 च्या टाळेबंदीत ते बंद झालं आणि सामान्यांची ती जागा गेली. त्यामुळे आपल्यासारख्यांवरची जबाबदारी वाढली आहे. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना गिरगाव, हाजी अली, जुहूच्या किनाऱ्यावर नेऊन खडकांतले जीव दाखवतात. त्यांच्याकडे ना आपल्यासारखा काचेचा बोगदा, ना वातानुकूलित दालन.

दूरचं उदाहरण द्यायचं तर कॅलिफोर्नियातलं माँटेरे बे मत्स्यालय 1984 साली उघडलं, तेही सार्डिन डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेवर. सार्डिन संपले, कारखाने बंद पडले, तो इतिहास त्यांनी झाकला नाही. कारखान्याचे बॉयलर आजही पाहुण्यांना दाखवतात. कोणता मासा खावा आणि कोणता टाळावा, हे लोकांना सांगण्याचा त्यांचा उपक्रम 1999 पासून चालू आहे. मासेमारी हा तिथे मत्स्यालयाचाच विषय आहे. आपल्याकडे तो दारात नाचून निघून जातो.

आपल्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत वाढदिवसाच्या मेजवान्या आहेत, जलपरीचा खेळ आहे. ते असू द्या, मुलांना आवडतं. पण महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला परवडेल असा एकही दिवस तिच्यात नाही, आणि ज्या समुद्राच्या नावावर तिकीट विकलं जातं त्या समुद्रावर जगणाऱ्यांचा एकही तास नाही.

काय करता येईल तेही सांगते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बायकांच्या हाताला काम कमी असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळा सुरू होतात. त्या दोन महिन्यांत आमच्या पाचसहा बायकांना मानधन देऊन शाळांच्या तासांना बोलवा. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. त्या आकारांच्या लाकडी पट्ट्या एका टेबलावर ठेवा. मुलं घरी आलेलं पापलेट मोजतील, आईला विचारतील की एवढंसं का आणलं. टाक्यांवरच्या पाट्यांवर मासळी बाजारातली नावं लिहा, म्हणजे ताटातला मासा आणि काचेमागचा मासा एकच आहे हे त्यांना कळेल. यासाठी नवी इमारत लागत नाही.

मावशी आता आपल्याकडे यायला तयार नाही. बाकीच्या बायकाही नाचायला येणार नाहीत, तसं त्यांनी बैठकीत ठरवलं आहे. आपण स्वतः कोळीवाड्यात या, मावशीशी बोला आणि तिला मुलांसमोर बोलायला बोलवा. त्या मुलाला शिंगाळ्याची गोष्ट अर्धीच मिळाली आहे.

आपली,
कोळीवाड्यातली एक शिक्षिका