भुतालाही हद्द असते

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये आला आणि पोस्टरवर बडा तारा नसतानाही त्याने शंभर कोटींवर गल्ला जमवला. कौतुक करणाऱ्यांनी यशाचे श्रेय विनोदाला आणि संगणकावर घडवलेल्या भुताला दिले. नाके मुरडणाऱ्यांनी नेमक्या त्याच दोन गोष्टींना थिल्लर ठरवले. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडून पाहिले तर दोघांचाही नेम चुकलेला दिसतो. थिल्लरपणा हे या चित्रपटाचे बलस्थान आहे. खोट आहे ती भुताला त्याच्या गावापासून तोडण्यात.

आधी गुणाची बाजू. चित्रपट १९५२ च्या कोकणात सुरू होतो. वयाने मोठ्या मुन्नीवर जीव जडलेला गोट्या, त्याची झालेली मुंज, हट्टापायी बहिणीचाच बळी द्यायला निघणे आणि त्यात ओढवलेला मृत्यू. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच मुलगा गेला, तर त्याची इच्छा पिंपळावर लोंबकळत राहते, ही समजूत आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. या भुताचे दुःखच मुळात पोरकट आहे. त्यामुळे त्याचा आक्रस्ताळेपणा आणि लग्नाचा धोशा हास्यास्पद वाटला तरी विसंगत वाटत नाही. भीती आणि हसू एका पंगतीला बसवणे ही काही हिंदी चित्रपटाची करामत नव्हे. दशावतारातला संकासुर वेद पळवणारा राक्षस; पण काळ्या वेशात तो रंगमंचावर आला, की पोरे घाबरून आईला बिलगतात आणि मोठी माणसे त्याच्या बोलण्यावर खदखदून हसतात. भुताची टिंगल करण्याची मुभा लोकपरंपरेने केव्हाच दिलेली आहे.

मात्र तिने भुताला कायदाही घालून दिला आहे. आपल्याकडचा देवचार वाटेल तिथे भटकत नाही. तो वाड्याच्या, शेताच्या, बांधाच्या हद्दीचा राखणदार. त्याला त्याचा रोट, विडी, सोरो (दारू) वेळेवर द्यायचा आणि त्याने राखण करायची, असा हा व्यवहार. तेरेखोल नदीपलीकडे आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामडी जोडे वाहतात, कारण रात्रीच्या गावफेरीत त्याचे जोडे झिजतात अशी श्रद्धा आहे. पेडण्याच्या पुनवेला, कोजागरीच्या रात्री, एका रात्रीत देऊळ बांधून मागणारा भूतनाथ रागावून रानाकडे निघतो, तेव्हा भक्त त्याची समजूत काढून त्याला माघारी आणतात. डिचोलीतल्या साळ गावी होळीला तीन रात्री गड्यांच्या, म्हणजे व्रतस्थ भक्तांच्या, अंगात येते आणि ते रानाकडे धावतात. त्यांतल्या काहींना देवचार लपवून ठेवतो आणि बाकीच्यांनी त्यांना शोधून आणायचे असते. यांपैकी कुठेही भुताचा खातमा होत नाही. त्याला खाऊ घालतात, समजावतात, त्याच्याशी लपंडाव खेळतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा भेटतात.

‘मुंज्या’ याच ठिकाणी घसरतो. झाड, बेट आणि घराण्याचा शाप जोवर पडद्यावर आहेत, तोवर भुताला वजन आहे. ते त्याच घराण्यातल्या बिट्टू या तरुणाच्या मानगुटीवर बसून पुण्यात आले, की त्याची हद्द सुटते आणि नियमही पातळ होतात. उरतो तो पाठलाग, संगणकी झटापट आणि शत्रूचा कायमचा बंदोबस्त. शेवटी ‘भेडिया’ या चित्रपटाची जोड देऊन कोकणातला मुंजा अरुणाचलातल्या लांडग्याच्या मालिकेत बसवला जातो. गल्ल्यासाठी हे सोयीचे असेल, पण कुठल्याही गावात चालणारे भूत अखेर कुठल्याच गावचे राहत नाही. याउलट ‘कांतारा’ या कन्नड चित्रपटाने २०२२ मध्ये दैव (राखणदार दैवत) आणि जमीन यांच्यातला करार कथेच्या केंद्रस्थानी ठेवला. तुळुनाडूबाहेरच्या प्रेक्षकालाही तो कळला, कारण नियम स्पष्ट होते.

यावर पहिला आक्षेप येईल, की करमणुकीला गेलेल्या प्रेक्षकाला लोकसंस्कृतीचा पाठ कशाला? पाठ नकोच. पण नियम हा करमणुकीचाच कणा आहे. भूत काय करू शकते आणि काय नाही हे ठाऊक असेल, तरच पुढच्या क्षणाची धास्ती वाटते. ते काहीही करू शकत असेल, तर उरतो फक्त आवाजाचा दणका. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असे चित्रपट अंधश्रद्धा पोसतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना मारझोड होते, म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. ही काळजी रास्त आहे. पण धोका भुताच्या गोष्टीत नसून भुतावर हुकमी इलाज असल्याचा दावा करणाऱ्यात आहे, आणि ‘मुंज्या’तला सत्यराज यांचा मांत्रिक तर चेष्टेचाच विषय आहे. उलट कायमच्या खातम्यावर संपणारी कथाच नकळत मांत्रिकाची भाषा बोलते. गावाची रीत भुतासोबत नांदण्याची आहे, कुणाला झोडपण्याची नव्हे.

तेव्हा चित्रपटवाल्यांनी विनोद खुशाल ठेवावा, बटबटीतपणाही ठेवावा. उद्या कुणी देवचारावर चित्रपट काढला, तर त्याने संगणकावर देवचाराचे दात कोरण्याआधी एवढेच विचारावे: त्याची हद्द कुठवर आणि त्याला गावाचे देणे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे पटकथेत असतील, तर भूत थोडे ओबडधोबड दिसले तरी प्रेक्षक सांभाळून घेतील.